नव्या डब्यात धक्के का बसतात, आणि आईसाठी कुठला बर्थ घ्यावा?

अनुजा_अकोला | रविवार, रात्री १०:१२

नमस्कार मंडळी. इथे रेल्वेवेडे पुष्कळ आहेत, म्हणून इथेच विचारते.

मागच्या महिन्यात आईला विदर्भातून पुण्याला आणलं. आई ६९ वर्षांची, गुडघे दुखरे, मणक्यात गॅप. गाडीचं नाव घेत नाही, कुठल्याही गाडीत झालं असतं. थर्ड एसी, नवा लाल-राखाडी डबा, बर्थ ७१, साइड लोअर. मीच मुद्दाम संडासाजवळचा घेतला होता, कारण तिला रात्री दोनदा उठावं लागतं.

अडीचच्या सुमाराला गाडी कुठल्याशा सिग्नलला उभी होती. आई उठून बसली, अंधारात पायांनी चपला चाचपडत होती, आणि गाडी सुटली. सुटली म्हणजे कोणीतरी मागून धरून हिसडा दिल्यासारखी. आईचं कपाळ थेट शिडीच्या कडेवर. शेजारच्या बाईंनी थंड पाण्याची बाटली धरून ठेवली, रक्त थांबलं. पुण्यात उतरल्यावर दोन टाके पडले. तिचं म्हणणं एकच, "जुन्या निळ्या डब्यात खडखडाट होता गं, पण असा हिसका नव्हता."

प्रश्न असे. हे खरं आहे, की जुनं सगळं गोडच वाटतं? नवे डबे जर्मन तंत्राचे, जास्त सुरक्षित म्हणतात, मग धक्के का? आणि परतीच्या प्रवासाला तिच्यासाठी कुठला बर्थ घेऊ? विमानाचं सुचवू नका. तिला कान दुखतात आणि ती ऐकत नाही.

टिंग्या | रविवार, रात्री १०:३१

आईंना लवकर आराम पडो. धक्क्याचं अगदी अगदी. मी वरच्या बर्थवर झोपलो की पट्टा शोधतो, विमानासारखा. एकदा चहाचा कप हातात घेऊन बसलो होतो. कप हातातच राहिला, चहा समोरच्या काकांच्या धोतरावर.

सोलापूरचा_शेंगदाणा | रविवार, रात्री १०:५०

ड्रायव्हर शिकाऊ असतो, दुसरं काय. पूर्वीचे लोक अशी गाडी उचलायचे की पाण्याने भरलेला ग्लास सांडायचा नाही.

हातोडीवाला | रविवार, रात्री ११:४०

अनुजाताई, मी चौतीस वर्षं डबे तपासले. आमच्या खात्याला सी अँड डब्ल्यू म्हणतात आणि माणसाला टीएक्सआर. निवृत्त होऊन सहा वर्षं झाली. तुमच्या आईंचं म्हणणं खरं आहे. ते गोड आठवणीतलं नाही.

निळा डबा म्हणजे आयसीएफ. चेन्नईतल्या पेरांबूरच्या कारखान्यात १९५५ पासून २०१८ पर्यंत बनलेला, मूळ आराखडा स्विस. दोन डब्यांच्या मध्ये एक आटे असलेली जोडणी असते, स्क्रू कपलिंग. माणूस मध्ये उतरून ती हाताने फिरवून आवळतो. दोन्ही बाजूंना थाळीसारखे बफर असतात, ते आवळल्यावर एकमेकांवर दाबून बसतात. म्हणजे डबे आधीच एकमेकांना चिकटलेले. इंजिनाने ओढलं की सगळी गाडी एक वस्तू असल्यासारखी निघते. आवळणाऱ्याने आळस केला नसेल तर.

लाल डबा म्हणजे एलएचबी. लिंके-हॉफमान-बुश या जर्मन कंपनीचा आराखडा. पहिले डबे २००० च्या आसपास तिकडून आले, मग कपूरथळ्याला बनू लागले. यात बाजूचे बफर नाहीत. मधोमध एकच जोडणी, सेंटर बफर कपलर, आम्ही सीबीसी म्हणतो. दोन हातांची बोटं एकमेकांत अडकवावीत तशी ती अडकते. तिच्या मागे धक्का पचवायला ड्राफ्ट गिअर असतो, आणि त्यात थोडी मोकळी हालचाल राहते. एका डब्याची किरकोळ, पण वीस-बावीस डब्यांची बेरीज करा. इंजिन निघतं, पहिला डबा निघतो, दुसरा ताणला जातो, तिसरा... शेपटीकडे पोचेपर्यंत त्याचा हिसका झालेला असतो. थांबताना हेच उलट. तुमचा डबा मागच्या बाजूला होता का?

चालवणाऱ्याचा हात असतोच, ते नाकारत नाही. पण "शिकाऊ ड्रायव्हर" हे अर्धवट उत्तर आहे. तक्रारी इतक्या झाल्या की पुढे हालचाल कमी असलेले, बॅलन्स्ड प्रकारचे ड्राफ्ट गिअर बसवायला घेतले. फरक पडला. पूर्ण गेलं नाही.

अनुजा_अकोला | सोमवार, सकाळी ७:०५

काका, डबा शेवटून तिसरा होता! बर्थ त्या डब्याच्या टोकाचा. म्हणजे मी शोधून शोधून सगळ्यात वाईट जागा घेतली होती.

सोलापूरचा_शेंगदाणा | सोमवार, सकाळी ८:२०

शिकाऊचं मागे घेतो. पण मग आणलेच कशाला हे डबे? म्हातारी माणसं आपटायला?

हातोडीवाला | सोमवार, दुपारी १:१५

जेवण झालं, आता निवांत लिहितो.

आयसीएफचा डबा रुळावरून उतरला की ती आट्यांची जोडणी सुटते किंवा तुटते, आणि बफर एकमेकांवर चढतात. मागचा डबा पुढच्या डब्यावर, कधी त्याच्या आत. दुर्बिणीच्या नळ्या एकमेकांत शिरतात तसा. मी माझ्या नोकरीत एकदा ते समोर पाहिलं आहे, त्याबद्दल इथे लिहिणार नाही. सीबीसी सहजी सुटत नाही. डबे घसरले तरी हात धरून राहतात, बरेचदा उभेच राहतात, आणि एक दुसऱ्यावर चढायला ती अडवते. आईंना लागला तो हिसका त्याच जोडणीतून आला.

बाकीच्या बाबतीत एलएचबी उजवाच आहे. चाकाच्या कडेवर ठोकळे घासून थांबवायच्या ऐवजी डिस्क ब्रेक. बोगीला, म्हणजे डब्याखालच्या चाकांच्या सांगाड्याला, हेलकावे शोषणारे तेलाचे डँपर, डबा सापासारखा वळवळू नये म्हणून वेगळे यॉ डँपर. ताशी १६० ला चालेल असा. आयसीएफ साधारण ११० चा. लांबीलाही मोठा, साडेतेवीस मीटर, जुना एकवीसच्या थोडा वर. म्हणून स्लीपरला ७२ ऐवजी ८० माणसं मावतात. गर्दीचा हिशोब तिथेही आहेच.

एक गंमत सांगतो. डबा किती आरामशीर ते मोजायला स्पर्लिंग नावाचा निर्देशांक वापरतात. डब्यात कंपन मोजणारी यंत्रं ठेवून गाडी पळवायची. आकडा जितका लहान तितकं बरं. आपल्याकडे ३.२५ च्या आत असावा असं म्हणतात आणि ३.५ ही कमाल. पण तो मोजतो खालीवर आणि डावीउजवीकडचं हलणं. पुढेमागे बसणारा हिसका त्यात धरलेलाच नाही. कागदावर डबा उत्तम, कपाळाला टाके.

टिंग्या | सोमवार, दुपारी १:४०

शेवटच्या वाक्याला दंडवत. धोतरवाले काकाही मोजण्यात नाहीत म्हणायचे.

रेवा | सोमवार, दुपारी ३:०२

बर्थचं मी सांगते, दहा वर्षं दर महिन्याला नागपूर-मुंबई करते. डब्याचा मधला भाग घ्या. चाकं दोन्ही टोकांना असतात, दारं-संडासही तिथेच. ७२ बर्थच्या डब्यात, म्हणजे जुना स्लीपर किंवा नवा थर्ड एसी, ३३ ते ४० हा बरोबर मधला कप्पा. नव्या ८० च्या स्लीपरला ३३ ते ४८. लोअर हवा असेल तर ३३, ३६, ४१, ४४. ऑनलाइन नंबर निवडता येत नाही, पण ४५ वरच्या बायकांना आणि ज्येष्ठांना शिल्लक असेल तर लोअर आपोआप मिळतो, आणि डब्यात बसल्यावर अदलाबदल होते. लोक बहुधा नाही म्हणत नाहीत, फक्त दोन लोअर असलेल्या जोडप्याला विचारू नका.

साइड लोअर म्हाताऱ्या माणसाला नकोच. दोन खुर्च्या जोडून झालेल्या त्या बर्थला मधोमध खाच असते आणि नेमकी कमरेखाली येते. (कोणाला आठवतं का, मध्ये साइडलाही तिसरा बर्थ घातला होता? गरीब रथमध्ये तर होताच. तिथे झोपलेला माणूस ड्रॉवरमधल्या चमच्यासारखा दिसायचा.)

हातोडीवाला | सोमवार, संध्याकाळी ५:२५

रेवाताई, सगळं बरोबर. थोडी भर घालतो.

आडवे बर्थ रुळाला काटकोनात असतात. त्यामुळे पुढेमागे हिसका बसला तर झोपलेला माणूस कुशीवर लोळतो. ब्रेक लागला की अंग गाडीच्या दिशेने जातं. ज्या बर्थवर बसल्यावर तोंड इंजिनाकडे होतं, तिथे ते अंग बर्थच्या उघड्या कडेकडे जातं. उलट तोंडाच्या बर्थवर ते भिंतीला टेकतं. सुटताना याच्या उलट, पण जोराचा ब्रेक हा सुटण्यापेक्षा वाईट. म्हणून वरच्या बर्थवर लहान मूल झोपवायचंच असेल तर इंजिनाकडे पाठ होणारा निवडा. वाटेत गाडीची दिशा बदलत नाही ना, तेवढं बघा. मनमाडकडून पुण्याला येणारी गाडी दौंडला उलटी फिरायची. आता थेट वळवणाऱ्या कॉर्ड लाइनमुळे बऱ्याच गाड्यांचं ते वाचलं.

वरच्या बर्थवर डोलणंही जास्त. डबा खालून धरून हलवल्यासारखा हलतो, मग वरचं टोक जास्त हलणार. आणि गाडीत मधले डबे घ्या. शेवटच्या डब्याला मागून धरायला कोणी नसतं, तो शेपटासारखा झुलतो.

आईंना एकच सवय लावा. गाडी थांबलेली असताना उठायचं नाही. लोकांना वाटतं उभी आहे तोवर जाऊन येऊ. चालती गाडी निदान एका लयीत असते. धोका आहे तो थांबतानाच्या शेवटच्या आणि सुटतानाच्या पहिल्या काही सेकंदांत.

अनुजा_अकोला | सोमवार, संध्याकाळी ६:१०

थांबलेल्या गाडीत उठू नको! आम्ही आयुष्यभर तिला उलटं सांगत आलो, "थांबली की जा."

कोकणचो_बोको | सोमवार, रात्री ९:१५

आमच्या बाजूची गोष्ट वेगळी. आमका धक्क्याचा कोण विचारता, गाडीत पाय ठेवूक मिळालो तरी गणपती पावलो.

पण सुरक्षिततेचं सांगतो. २२ जून २००३ ला वैभववाडीजवळ दरड कोसळून मुंबईकडे येणारी सुट्टीची खास गाडी घसरली, पन्नासच्या वर माणसं गेली. वर्ष होत नाही तोच १६ जून २००४ ला करंजाडीजवळ मत्स्यगंधा एक्सप्रेस. त्यानंतर पावसाळ्याचं वेगळं वेळापत्रक कडक झालं. मुसळधार पावसात पुढचं दिसेनासं झालं तर लोको पायलटने ताशी ४० वर यायचं असा नियम आहे. काळी, सावित्री, वाशिष्ठी या नद्यांच्या पुलांवर पाणी चढल्याची सूचना देणारी यंत्रं आहेत. रत्नागिरीजवळच्या पानवलच्या पुलावर वारा मोजतात, आणि तो पूल चौसष्ट मीटर उंच. कटिंगांना लोखंडी जाळ्या. आणि रात्रभर पावसात टॉर्च घेऊन रुळावरून चालणारी माणसं.

गाडी दीड-दोन तास उशिरा पोचते म्हणून माझा चुलतभाऊ दर जुलैत रेल्वेला शिव्या घालतो. मी त्याला म्हणतो, त्या माणसाच्या मागून जा एक किलोमीटर, मग घाल.

सोलापूरचा_शेंगदाणा | सोमवार, रात्री ९:५०

टॉर्च घेऊन चालायचे दिवस आहेत का हे? कवच कुठे गेलं? घोषणा तर रोज ऐकतो.

वायफळ | सोमवार, रात्री ९:५८

वंदे भारतच्या फिती कापायला वेळ आहे, कवचाला नाही. यांचं हे असंच.

टिंग्या | सोमवार, रात्री १०:०१

आला, आला. धाग्याचा रूळ बदलला.

हातोडीवाला | मंगळवार, सकाळी ९:३०

राजकारण तुमचं तुम्ही बघा, मी तांत्रिक तेवढं लिहितो.

कवच म्हणजे लाल सिग्नल ओलांडू लागल्यास किंवा वेग मर्यादेबाहेर गेल्यास गाडीला आपोआप ब्रेक लावणारी यंत्रणा. २०२० मध्ये तिला देशाची अधिकृत प्रणाली म्हणून मान्यता मिळाली. सुरुवातीला दक्षिण मध्य रेल्वेवर १,४६५ किलोमीटरला बसली, आणि मराठवाड्यातून जाणारा मनमाड ते मुदखेड हा पट्टा त्यात आहे. नव्या आवृत्तीला, ४.० ला, जुलै २०२४ मध्ये मंजुरी मिळाली. काम चालू आहे, आणि ते हळू आहे हे मान्य. दरड, म्हैस किंवा तुटलेला रूळ कवचाला दिसत नाही. तो टॉर्चवाल्यालाच दिसतो.

२ जून २०२३ च्या बालासोरचं उदाहरण लोक नेहमी देतात. बहानगा बाजार स्थानकात कोरोमंडल एक्सप्रेसला मुख्य मार्गाचा हिरवा सिग्नल होता आणि सांधा, म्हणजे रूळ बदलायची जागा, मात्र बाजूच्या लूप लाइनकडे लागलेला. लूपवर लोहखनिजाची मालगाडी उभी. सिग्नलच्या वायरिंगच्या बदलांत आधीच चुका राहिल्या होत्या, असं सुरक्षा आयुक्तांच्या चौकशीत निघालं. सिग्नलच हिरवा असेल तर कवच काय अडवणार? ताशी १२० च्या वर वेगात, आणि डबे एलएचबीच होते. तरीही तीनशेच्या जवळपास माणसं गेली, पुढच्या जनरल डब्यांतली बरीच. एलएचबी म्हणजे काही मंत्रवलेला ताईत नव्हे.

हे सुरक्षा आयुक्त रेल्वे मंत्रालयाच्या हाताखाली नसतात, नागरी विमान वाहतूक मंत्रालयाकडे असतात. आपल्याच घरच्या चुका आपणच तपासू नयेत म्हणून.

हानोवरवासी | मंगळवार, दुपारी २:४५

बऱ्याच दिवसांनी लॉगिन केलं, हा धागा बघूनच. मी राहतो तिथून साल्झगिटर तासाभरावर. एलएचबी कंपनी तिथलीच. आणि दुसऱ्या दिशेला तेवढ्याच अंतरावर एशेडे नावाचं गाव आहे. धाग्यात आराम आणि सुरक्षितता असे दोन शब्द आले म्हणून लिहितो.

इथल्या आयसीई गाड्या १९९१ मध्ये सुरू झाल्या. सुरुवातीला चाकं अखंड पोलादी होती. ती झिजून किंचित वेडीवाकडी झाली की डब्यात घुमल्यासारखा आवाज आणि थरथर यायची. विशेषतः डायनिंग कारमध्ये टेबलावरची भांडी वाजायची. लोकांनी तक्रारी केल्या. उपाय म्हणून चाकाच्या गाभ्यावर रबराची पट्टी आणि तिच्यावर पोलादी धाव, अशी चाकं बसवली. (बैलगाडीच्या चाकाला बसवतात तीच धाव.) थरथर थांबली. प्रवासी खूश.

३ जून १९९८ ला म्युनिकहून हॅम्बुर्गला जाणाऱ्या गाडीच्या पहिल्या डब्याची धाव तुटली, ताशी २०० च्या वेगात. तिचा तुकडा फरशी फोडून आसनांच्या मध्ये वर आला. तिथल्या प्रवाशाने बायको-मुलाला पुढे हलवलं आणि कंडक्टरला शोधायला गेला. साखळी ओढली नाही, तिथे दांडा असतो, तो. कंडक्टरही म्हणाला आधी बघतो. तेवढ्यात एशेडेचा सांधा आला, गाडी घसरली, पुलाच्या खांबावर आदळली, पूल वर पडला. १०१ माणसं.

पुढे ती चाकं काढली आणि पुन्हा अखंड चाकं बसवली. एशेडेला रुळाच्या कडेला चेरीची १०१ झाडं लावली आहेत. एप्रिलमध्ये फुलतात तेव्हा एकदा गेलो होतो. शेजारून आयसीई जाते, कोणाचं लक्षही नसतं.

रेवा | मंगळवार, दुपारी ३:३०

वाचून अंगावर काटा आला. कप वाजू नयेत म्हणून चाक बदललं...

अनुजा_अकोला | मंगळवार, दुपारी ४:१२

तुमचा प्रतिसाद दोनदा वाचला. मी तर धक्का नको म्हणून जुन्या डब्याची गाडी शोधायला लागले होते. शोध बंद केला.

जळगावकर_वहिनी | मंगळवार, रात्री ८:४०

साखळीचा विषय निघाला म्हणून. आमच्याकडची गोष्ट सगळ्यांना माहीतच आहे. २२ जानेवारी २०२५, पाचोऱ्याजवळ परधाडे. पुष्पक एक्सप्रेसमध्ये कोणीतरी आग आग ओरडलं, साखळी ओढली, गाडी थांबली. माणसं उतरली ती शेजारच्या रुळावर. समोरून कर्नाटक एक्सप्रेस आली. डझनभर माणसं गेली, आणि आग नव्हतीच.

हानोवरच्या दादांच्या गोष्टीत साखळी ओढायला हवी होती, इथे ओढली आणि उतरून घात झाला. मी घरात सगळ्यांना सांगून ठेवलंय, साखळी ओढायची वेळ आलीच तर ओढा, पण उतरताना दुसरा रूळ कुठल्या बाजूला आहे ते बघूनच. खरंच आग असेल तर आधी दोन डब्यांमधल्या व्हेस्टिब्यूलमधून शेजारच्या डब्यात जा. आपली मुलं दार दिसलं की आधी उडी मारतात.

हातोडीवाला | मंगळवार, रात्री ९:२०

वहिनी, लाख बोललात. धुराबद्दल एक सांगतो. चाकाजवळून धूर आणि जळका वास येणं म्हणजे बहुतेक वेळा ब्रेक सुटलेला नाही, चाकाला धरून बसलाय. दिसायला भयंकर, पण डब्याला आग लागलेली नसते. टीटीईला किंवा १३९ ला कळवा. विनाकारण साखळी ओढली तर कलम १४१ खाली एक वर्षापर्यंत कैद किंवा हजारापर्यंत दंड आहे. खरं कारण असेल तर कोणी हात लावत नाही.

खरी आग लागली की मात्र मिनिटं मोजायची. मदुराईला ऑगस्ट २०२३ मध्ये उभ्या डब्यात नऊ यात्रेकरू गेले, कारण आत गॅस सिलिंडर होता. डब्यात बसल्यावर आपत्कालीन खिडकी कुठे आहे ते बघून ठेवा. स्लीपरमध्ये तिच्या गजांचा रंग लाल असतो. मी हजारो प्रवासी पाहिले, चार्जिंगचा सॉकेट सगळ्यांनी शोधला, ती खिडकी कोणी नाही.

टिंग्या | मंगळवार, रात्री ९:४४

मी पण सॉकेटवालाच. आणि तो रात्री अकराला बंद होतो ते वेगळंच.

रेवा | मंगळवार, रात्री १०:३०

थोडं अवांतर, पण विषयाला धरून. मधला बर्थ लावताना साखळी दोन्ही बाजूंनी नीट अडकली का, ती एकदा हाताने खाली ओढून बघा. जून २०२४ मध्ये केरळहून दिल्लीकडे जाणाऱ्या गाडीत वरचा बर्थ निसटून खाली झोपलेल्या प्रवाशाच्या मानेवर पडला, ते गेले. बर्थ मोडला नव्हता, साखळी नीट लावलेली नव्हती असं रेल्वेने सांगितलं. तेव्हापासून मी लोअरवर असले तरी वरच्याचं लावलेलं स्वतः तपासते. लोक विचित्र बघतात, बघू देत.

बाईने एकटीने रात्री जायचं तर मोबाइल खिडकीशी ठेवू नका, विशेषतः स्लीपरला. आणि तिकीट काढताना ४५ पैशांच्या विम्याची खूण करा. दहा लाखांचा असतो. नॉमिनीची लिंक मेलवर येते, ती कोणीच भरत नाही. आज भरा.

वायफळ | मंगळवार, रात्री १०:४१

४५ पैशांत जिवाची किंमत, वा.

सोलापूरचा_शेंगदाणा | मंगळवार, रात्री १०:५५

वायफळराव, आयडी सार्थ करताय. बरं, वंदे भारतला धक्के नाहीत हे मी स्वतः अनुभवलंय, सोलापूर-मुंबई. ते कसं?

हातोडीवाला | बुधवार, सकाळी ८:१५

तिला वेगळं इंजिनच नाही. मोटारी बऱ्याच डब्यांखाली वाटलेल्या असतात, मग पुढून ओढायचा आणि मागच्याने ताणलं जायचा प्रश्न येत नाही. डबेही एकमेकांना घट्ट जोडलेले. वर हवेच्या उशा. फक्त दारं आपोआप बंद होतात, सोडायला आलेला माणूस बोलत उभा राहिला तर पुढच्या स्टेशनापर्यंत यावं लागतं.

सोलापूर-मुंबईला भोर घाट लागतो. ३७ फुटांना एक फूट चढ. बाकीच्या गाड्यांना कर्जतला मागून जास्तीची इंजिनं लावतात, बँकर. ते लागतात तेव्हाचा धक्का वेगळा, त्यालाही "ड्रायव्हर शिकाऊ" म्हणू नका!

अनुजा_अकोला | पुढचा सोमवार, रात्री ९:३०

परतीचा अहवाल.

आईला ३६ मिळाला, मधला डबा, इंजिनाकडे पाठ. मिळाला म्हणजे एका कॉलेजच्या मुलाने दिला, त्याला तिच्या कपाळाची पट्टी दिसली. ती रात्री दोनदाच उठली, दोन्ही वेळा गाडी चालू असताना, एक हात बर्थच्या कडेला धरून. एका स्टेशनात मोठा हिसका बसला तेव्हा ती आडवीच होती. म्हणाली, "पाळण्याला कोणी लाथ मारल्यासारखं झालं, मग झोपले."

काका, तिने तुम्हाला एक प्रश्न विचारायला सांगितलाय. पूर्वी रात्री मोठ्या स्टेशनात गाडी थांबली की कोणीतरी खालून चाकं ठोकत जायचं. टण, टण, टण. तिला त्या आवाजावर झोप लागायची. आता ऐकू येत नाही. तपासणं बंद झालं का?

हातोडीवाला | सोमवार, रात्री १०:५०

आईंना माझा नमस्कार सांगा. माझी आयडी त्याच हातोडीवरून आहे, इतक्या वर्षांत कोणी ओळखलं नव्हतं.

तेव्हाच्या बऱ्याच चाकांवर धाव चढवलेली असायची. ती सैल झाली किंवा तडकली की चाकाचा आवाज फुटक्या मडक्यासारखा यायचा, चांगल्याचा घंटेसारखा. कानाने ओळखायचो. आताची चाकं अखंड आहेत, ठोकून कळण्यासारखं त्यांच्यात फारसं काही राहिलेलं नाही.

तपासणं बंद झालेलं नाही. मोठ्या स्टेशनात गाडी शिरत असताना, प्लॅटफॉर्म सुरू होतो त्या टोकाला रुळाच्या दोन्ही बाजूंना माणसं उकिडवी बसलेली असतात, हातात मोठा टॉर्च. आत येणाऱ्या गाडीची चाकं, स्प्रिंगा, लोंबणारं काही, सगळं त्या उजेडात बघतात. कानही असतो, सपाट झालेलं चाक ठक-ठक वाजतं. गाडी थांबली की पिस्तुलासारखं यंत्र रोखून ॲक्सल बॉक्स, म्हणजे चाकाच्या कण्याच्या टोकाची पेटी, किती तापलाय ते मोजत पुढे जातात. आवाज होत नाही म्हणून कोणाला कळत नाही.

पुढच्या वेळी आईंना खिडकीशी बसवा. स्टेशन यायच्या जरा आधी बाहेर खाली बघायला सांगा, दिसतील.